माईंचे टोमॅटो

११ मार्च

निवृत्त होऊन दहा दिवस झाले आणि घरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावून संपली. तीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसले, हाताला दुसरं काही सुचत नाही. हे म्हणाले, "आता मलाही एक चिकटवशील." म्हणून ठरवलं, मागच्या अंगणात भाजीपाला लावायचा. आणि ही वही ठेवायची. कशाला किती पाणी, कधी खत, काय उगवलं, काय नाही.

अंगण तसं दोन्ही घरांचं. खाली माई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, आणि वर आम्ही दोघं. सात वर्षांपूर्वी भावजी गेले तेव्हापासून माई एकट्याच असतात आणि अंगण हळूहळू त्यांचंच झालं. कुणी दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. भिंतीला लागून टोमॅटोची बारा झाडं, काठ्यांना बांधलेली. शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी सरळ. मी उरलेल्या अर्ध्या जागेचं विचारलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी नखं काप."

१४ मार्च

माईंची शिकवणी सुरू झाली. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कुणी इतकं रागावलं की बरंही वाटतं आणि चीडही येते. पाणी मुळाशी घालायचं, पानांवर नाही. रोज चार तरी पानं उलटून बघायची. "कीड पानाच्या वर बसून तुझी वाट बघत नाही." आणि बाहेरून रोप आणलं तर दहा दिवस वर गच्चीत वेगळं ठेवायचं, मगच खाली आणायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सकाळी काकडीचं बी कागदात बांधून दिलं. दुपारी पुन्हा तेच बी घेऊन जिना चढून आल्या. सकाळी दिलंत की, म्हटलं, तर हातातल्या पुडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग जास्त लाव." हात सढळ आहे बाईंचा.

१९ मार्च

काकडी उगवायचं नाव नाही. रोज माती उकरून बघते, त्यानंच उगवत नसेल. शेवटी आज रोपवाटिकेतून मिरचीची सहा आणि वांग्याची चार तयार रोपं आणली.

गच्चीत ऊन फार. दहा दिवसांत करपून जातील. म्हणून सरळ खालीच लावली, माईंच्या टोमॅटोशेजारी, तिथे दुपारची सावली असते. माई झोपल्या होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "वेगळी ठेवली होतीस ना गं?" मी हो म्हटलं.

पानं वरून तरी स्वच्छ दिसतात.

२१ मार्च

वांग्याचं पान उलटलं. खाली पांढरी पूड सांडल्यासारखं दिसलं. बोटानं टिचकी मारली तर पूड उडाली. उडून पुन्हा बसली.

पांढरी माशी. दुकानदाराला वर्णन सांगितलं तर त्यानं नाव सांगितलं. साबणाचं पाणी मारलं. माईंना सांगितलं नाही. दोनचार दिवसांत जाईल, मग सांगायचं कशाला?

२ एप्रिल

गेली नाही. माईंच्या टोमॅटोवर गेली.

आज सकाळी माई बुटक्या स्टुलावर बसून, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं एकेक पान खालून पुसत होत्या. बारा झाडं, झाडाला पन्नास-साठ पानं. मी बादली धरून शेजारी उभी. म्हणाल्या, "यंदा डोळ्यांनी दगा दिला गं. इतकी वाढेपर्यंत मला दिसलीच नाही." मला वाटलं आत्ता सांगावं. बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं, ते बदलून आणते म्हटलं आणि गेले.

माझी सगळ्यात वाईट दोन वांगी मी परवाच उपटली. आमच्या कचऱ्यात नाही टाकली. कोपऱ्यावरच्या डब्यात नेऊन टाकली. तीस वर्षं नोकरीत एक गोळी इकडची तिकडे केली नाही मी.

दुपारी माईंनी नळीचं पाणी तसंच चालू ठेवलं. वाहत वाहत त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलं. ह्यांनी खाली जाऊन पुसून काढलं. माई ओशाळल्या. माझ्या त्या माशीपायी बाईंचं कशातच लक्ष राहिलेलं नाही.

५ एप्रिल

माईंनी लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे दाखवले. ढालकिडे. झाडावर मावा आला की हे तो खातात. "ही आपली माणसं. यांना धक्का लावायचा नाही." त्यांच्या टोमॅटोवर आठ मोजले. मोजताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला त्या हाताचं ओझं झालं.

८ एप्रिल

आज मी फार वाईट गोष्ट केली. नीट लिहिते.

शेतीच्या औषधांच्या दुकानातून बाटली आणली. वर लिहिलेलं, एका लिटरला दोन मिली. संध्याकाळी फवारावे. फवारणीनंतर सात दिवस तोडणी करू नये. मी लेबल वाचणारी बाई. लेबल वाचलं. आणि मग एका लिटरला पाच घातलं, पानांना चिकटावं म्हणून वर भांड्यांचा साबण घातला, आणि दुपारी दोनला फवारलं. कारण माई दोन ते चार झोपतात आणि संध्याकाळी अंगणात असतात.

एका दिवसात माशी नाहीशी व्हावी, माईंनी पानं पुसायचं थांबवावं आणि मला काही सांगावं लागू नये, एवढंच मला हवं होतं. खिडकीवर रोज कितीतरी जणांना सांगितलंय, लवकर बरं वाटावं म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

९ एप्रिल

पानं जळली. कडा तपकिरी, मधे कागदासारखे डाग. सगळी बारा झाडं माना टाकून उभी. खाली मातीत ढालकिडे उलटे पडलेले. ते मी वेचून घेतले.

पिकलेले अकरा टोमॅटो झाडांना होते. माईंनी ते खाल्ले असते. म्हणून उजाडताच, त्या उठायच्या आत, सगळे तोडून पिशवीत घातले आणि टाकून आले.

सातला खालून त्यांची हाक आली. मी जिना उतरले तेव्हा त्या रांगेसमोर उभ्या होत्या, हातात रिकामी टोपली. रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. विचारू लागल्या की काल साबणाच्या पाण्यात त्यांनी दुसरं काही घातलं का, मी पाहिलं का. मी म्हटलं, मी नव्हते हो काल इथे. मग म्हणाल्या, "आणि टोमॅटो? अकरा होते. मी तोडले का?"

आणि मी म्हटलं, "तुम्हीच तोडले असतील माई."

हे वाक्य मी लिहून ठेवते आहे. मला ते पुसता येऊ नये म्हणून.

त्यांनी घरात जाऊन फळांची परडी पाहिली, फ्रिज पाहिला, कपाटसुद्धा उघडून पाहिलं.

१० एप्रिल

मी दिवसभर खाली गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

१३ एप्रिल

रविवार. पुतण्या, म्हणजे माईंचा मुलगा, आणि सून आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, पंधरा दिवसांनी येतात. माईंनी चहा ठेवला आणि कप मांडायच्या आत त्याला अंगणात नेलं. "बघ. माझ्याच हातून काहीतरी झालं. काय ते आठवत नाही." पुतण्यानं बायकोकडे पाहिलं. ती खाली वाकून काठी सरळ करू लागली.

मग आमच्याकडे वर येऊन बसला. आईला आता घेऊनच जातो म्हणाला. पुढच्या शनिवारी गाडी आणतो. खालचं घर बंद करू, महिन्यातून एकदा उघडू. ह्यांनी मान डोलावली, वेळेवर केलेलं बरं म्हणाले.

मी म्हटलं, दोन झाडं जळली म्हणून कुणी माणूस उचलून नेतं का? तर पुतण्या म्हणाला, "एकट्या टोमॅटोचं नाहीये गं काकू." माझी समजूत घालत होता. गुणी मुलगा आहे. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "आता सगळी बाग तुझीच."

आतून कुणी चिमटा काढल्यासारखं झालं. कारण ते मला ऐकायला आवडलं होतं, एका क्षणापुरतं.

१६ एप्रिल

माई सामान बांधत आहेत. एक पेटी बांधतात, पुन्हा उघडून काय ठेवलं ते बघतात, पुन्हा बांधतात. मी मदतीला बसले. बियांच्या पुड्या कुठल्या न्यायच्या ते ठरेना. मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर बाल्कनी आहे, तीत कपडे वाळतात. शेवटी म्हणाल्या, "तूच ठेव. माझ्या हाताला आता यश नाही."

माईंच्या हाताला यश नाही! पन्नास वर्षं या घराला भाजी पुरवणाऱ्या हाताला.

मला आजही बोलता आलं नाही. ह्यांना मात्र सगळं सांगितलं, वांग्यांपासून बाटलीपर्यंत. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "तू सांगितलंस तरी ती जाणारच आहे." यांना काही कळत नाही. माझ्यामुळे जात आहेत, दुसरं कारणच नाही.

१८ एप्रिल

सांगितलं.

माई पलंगावर बसून मोजे जोडीनं लावत होत्या. एक काळा, एक निळा. मी दारातच उभी राहिले, बसले असते तर पुन्हा दुसरंच काही बोलत बसले असते. रोपं वेगळी ठेवली नव्हती. माशी माझ्या वांग्यांवरून आली. औषध मी फवारलं, अडीच पट फवारलं, उन्हात फवारलं. अकरा टोमॅटो मी तोडून टाकले. तुम्ही काही विसरला नाहीत.

त्यांनी मोजे खाली ठेवले. मग म्हणाल्या, "मला वेडी ठरवलंस तू."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. "आठ दिवस मी स्वतःच्या हातांकडे बघतेय," म्हणाल्या. "आठ दिवस झोपताना गॅस तीनदा बघतेय. आणि तू वर बसून माझ्या पावलांचा आवाज ऐकत होतीस." मग उठल्या, पेटी ओढली आणि सगळं सामान पलंगावर उपडं केलं. "जा. मला कपडे कपाटात लावायचे आहेत."

वर आले. छातीवरचा धोंडा उतरला होता. मी पुतण्याला फोन केला आणि त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. गाडी आणू नकोस म्हटलं.

१९ एप्रिल

तो तरीही आला. एकटाच. माई शेजारणीकडे गेल्या होत्या, म्हणून आमच्या स्वयंपाकघरात बसला. मला वाटलं, आता हा मला बोलणार, आणि त्याचा हक्कच आहे.

तो बोलला नाही. आई रोज सकाळी सव्वासातला फोन करते म्हणाला. बाबा रात्रपाळीवरून आले नाहीत अजून, तुझ्याकडे आले का, असं विचारते. गेल्या वर्षी दिवाणखाना रंगवला तेव्हापासून, म्हणजे सव्वा वर्ष. मग तोच सांगतो की आई, बाबा नाहीत आता. ती म्हणते, हो की, आणि फोन ठेवते. "मी रोज सकाळी तिला ही बातमी देतो, काकू."

मी त्याला पाणी दिलं. मनात म्हटलं, आईला नेता यावं म्हणून पोरगा वाढवून सांगतोय. माई माझ्याशी इतक्या चोख बोलल्या काल. असं बोलणारी बाई भावजी गेल्याचं विसरेल?

तरी मी त्याच्याकडून तीन महिने मागून घेतले. मी रोज खाली जाईन, दोन्ही वेळा त्या आमच्याबरोबर जेवतील, गॅस मी बंद करीन. त्यानं डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं आणि कबूल केलं. निघताना माझा हात धरून म्हणाला, झाडांचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. मला ते सहन झालं नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं होतं.

२० एप्रिल

सकाळी माई वर आल्या. हे पेपर वाचत होते. माई दारातून म्हणाल्या, "अगं, माझे टोमॅटो कुणी जाळले?"

मला वाटलं, शिक्षा करत आहेत. ह्यांच्यासमोर माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय. बरोबरच आहे. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जसं काही पहिल्यांदाच ऐकत आहेत. शेवटी म्हणाल्या, "आणि मला सांगितलं का नाहीस? मी खाल्लं असतं का तुला?"

परवा असं काही म्हणाल्या नव्हत्या.

२२ एप्रिल

काल विचारलं नाही. आज विचारलं. सांगितलं. आज त्या हसल्या. "अडीच पट? औषधांच्या खिडकीवर होतीस ना तू?" हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला. पाठ किती हलकी झालीय.

ह्यांनी पेपरच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

आज सव्वासातला मी खालीच होते. माईंनी फोन उचलला, मुलाचा नंबर लावला. मी कढईखालचा गॅस बारीक केला आणि ऐकत राहिले.

खरं आहे ते.

२७ एप्रिल

डॉक्टरांनी चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, तारीख विचारली. माईंनी तारखेऐवजी त्यांनाच विचारलं, तुमच्या कुंडीतल्या झाडाला पाणी कोण घालतं, मेलंय ते. झाड खरंच मेलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हे विसरणं दोन वर्षं तरी सुरू असावं, सावकाश वाढत जाईल. एकटं ठेवू नका, ओळखीची जागा आणि हाताला काम असू द्या. मी त्यांना विचारलं की एखाद्या धक्क्यानं वाढतं का, म्हणजे कुणी खोटं सांगून माणसाला स्वतःविषयी शंका घ्यायला लावली तर. ते म्हणाले, असं काही म्हणता येत नाही. पण त्यांनी ते नऊ तारखेचं पाहिलं नाही. ती रिकामी टोपली पाहिली नाही. दोन वर्षांचं असेल, पण त्या दिवशी मी माईंना मागून ढकललं, ते माझं मला माहीत आहे.

३ मे

जळलेली झाडं माईंनी उपटू दिली नव्हती. आज बुंध्याशी दोन झाडांना नवे फुटवे दिसले. बाकीची दहा आम्ही दोघींनी मिळून काढली. माशी नव्या पानांवरही आहे, थोडी. पिवळे चिकट कागद लावलेत, रोज सकाळी फडकं घेऊन बसतो. एक पान त्या पुसतात, एक मी.

माईंनी विचारलं, ही झाडं कुणी जाळली. आजवर दहाबारा वेळा तरी सांगून झालंय. कधी चिडतात, कधी हसतात. एकदा दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि संध्याकाळी का बोलत नाही तेच विसरल्या. हे परवाच म्हणाले होते, "कशाला रोज सालटी काढून घेतेस? ऊन लागलं म्हणून सांग. तिलाही त्रास नाही, तुलाही नाही." त्यात तथ्य वाटलं. शिवाय दमले होते. म्हणून आज म्हटलं, "ऊन लागलं माई."

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "मग माझंच चुकलं. आडोसा करायला हवा होता. इतकी वर्षं झाली, तरी मला कसं सुचलं नाही?" आणि स्वतःचे हात उलटसुलट करून बघू लागल्या.

तसेच, नऊ तारखेपासून आठ दिवस बघत होत्या तसे.

४ मे

सकाळी लवकर खाली गेले. माई अंगणात होत्या, रिकाम्या मातीसमोर उभ्या. माझी चाहूल लागली तशी वळल्या. चेहऱ्यावर तीच भीती, आपल्याच हातून काहीतरी झालं असणार अशी.

"इथली झाडं कुठे गेली गं? कुणी जाळली?"

"मी," म्हटलं. "मी जाळली माई. तुमचं काही चुकलं नाही."

आणि पहिल्यापासून सांगितलं, रोपं, बाटली, ऊन, अकरा टोमॅटो, आणि तुम्हीच तोडले असतील म्हणाले तेही. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावरची आठी सुटत गेली. खांदे खाली आले. सगळं ऐकून झाल्यावर त्या माझ्यावर अशा काही उखडल्या की वरच्या खिडकीतून ह्यांनी डोकं बाहेर काढलं. अक्कल काढली, शिक्षण काढलं, माहेर काढलं. मी ऐकत उभी राहिले.

बोलून दमल्यावर त्यांनी खुरपं उचलून माझ्या हातात दिलं.

"उभी काय राहिलीस? माती मोकळी कर. घेवडा लावू."